एसक्यूलाइट स्टॅटिक लिंक करायचं की डायनॅमिक: कंपायलरला हात लावायच्या आधी काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं

एसक्यूलाइट म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच चालणारी छोटी डेटाबेस लायब्ररी. ती बिल्ड करतानाच प्रोग्रॅमच्या पोटात भरली तर स्टॅटिक, चालताना वेगळ्या फाइलमधून उचलली तर डायनॅमिक.

मागच्या कापसाच्या सीझनला चोपड्याकडच्या एका जिनिंगमधून सकाळी साडेसातला फोन आला, "भाऊ, पावती निंघी नही ऱ्हायनी." बाहेर कापसाचे ट्रॅक्टर लाइनीत उभे, भुईकाट्यावर वजन दिसतंय, पण पावती छापायच्या जागी स्क्रीनवर 'रिटर्निंग'जवळ सिंटॅक्स एरर. आदल्या रात्री मीच जळगावहून रिमोटने नवीन व्हर्जन टाकलं होतं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, त्यात एसक्यूलाइट ३.३७.२, तिकडे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, त्यावर डेबियन ११ वाली सिस्टिम, तिच्यात ३.३४.१. आणि इन्सर्टच्या मागे 'रिटर्निंग' लावून टाकलेली नोंद लगेच परत मिळवायची सोय आली ३.३५.० मध्ये, मार्च २०२१ ला. म्हणजे एका पॉइंटाने हुकलं. पायवर कंपाइल तर बिनबोभाट झालं होतं, कारण एसक्यूएल ही कोडमध्ये नुसती स्ट्रिंग असते, कंपायलर तिच्यात डोकावत नाही.

घाईत मी जे केलं ते याहून वाईट होतं, ते पायरी २ मध्ये सांगतो. आपल्याकडे कुणालाही विचारा, स्टॅटिक का घेतलं तर म्हणतो "एकच फाइल लागते", डायनॅमिक का तर "साइज कमी होते". सगळी फीचर्स धरूनही ही लायब्ररी साधारण एक एमबीच्या आसपास असते, त्यामुळे साइजवर वाद घालण्यात अर्थ नाही. बघायच्या गोष्टी दोनच: त्या मशिनवर लायब्ररी बदलायचा हक्क कुणाकडे आहे, आणि एका चालू प्रोसेसमध्ये तिच्या कॉप्या किती आहेत.

(कमांडची नावं मी बोलतो तशी लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये टाइप करा.)

पायरी १: आधी मशिनवर जा, लॅपटॉप बंद ठेवा

जिथे प्रोग्रॅम चालणार तिथे जाऊन, किंवा तिथल्या माणसाला फोनवर धरून, या गोष्टी कागदावर उतरवा.

पहिलं, व्हर्जन. एसक्यूलाइटच्या शेलमध्ये 'सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()' मारा. पण शेलचं व्हर्जन आणि तुमचा प्रोग्रॅम वापरतो ते व्हर्जन एकच असेल असं धरून चालू नका, ती दोन वेगळी घरं असू शकतात. हीच क्वेरी तुमच्या प्रोग्रॅमच्या कनेक्शनवरून मारून जे उत्तर येईल ते खरं.

दुसरं, तुमच्या कोडला कमीत कमी कुठलं व्हर्जन लागतं. हे कुणी काढतच नाही. अपसर्ट वापरलं असेल तर ३.२४.०, विंडो फंक्शन ३.२५.०, जनरेटेड कॉलम ३.३१.०, रिटर्निंग आणि ड्रॉप कॉलम ३.३५.०, स्ट्रिक्ट टेबल ३.३७.०, जेसन काही न करता आपोआप मिळायला ३.३८.०. सगळ्या क्वेऱ्या एकदा चाळा आणि जो आकडा सगळ्यात मोठा तो तुमचा किमान आकडा.

तिसरं, कंपाइल करताना कुठले ऑप्शन लावले होते. 'प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स' मारलं की यादी येते, ती जशीच्या तशी फाइलमध्ये ठेवून द्या, पुढे लागणार आहे.

चौथं, त्या मशिनवर सिक्युरिटी अपडेट कोण करतं? खरं उत्तर लिहा. जिनिंगमधल्या, केळीच्या गोदामातल्या, पतपेढीतल्या मशिनवर बहुतेक वेळा उत्तर असतं "कुणीच नाही", आणि तिथे इंटरनेट म्हणजे मुनीमजींच्या मोबाइलचं हॉटस्पॉट.

> तपासा: कागदावर चार उत्तरं आहेत का? "बहुतेक नवीनच असेल" हे उत्तर धरायचं नाही. सेंटओएस ७ वर अजूनही ३.७.१७ बसलेलं सापडतं, त्यात यातलं काहीच नाही.

पायरी २: प्रोसेसमध्ये आणखी कोण एसक्यूलाइट घेऊन येतंय ते शोधा

ही पायरी सगळे गाळतात आणि खरी वाट इथेच लागते, म्हणून जरा सावकाश वाचा.

माझा काट्याचा प्रोग्रॅम पायथनमध्ये, आणि सिरीयल पोर्टवरून इंडिकेटरचं वजन वाचायला सीमध्ये लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल, ते वजन वाचून सरळ डेटाबेसमध्ये टाकतं. त्या सकाळी मी काय केलं, रिटर्निंगवाली क्वेरी उचलून सीच्या मॉड्यूलमध्ये नेली आणि त्या मॉड्यूलमध्ये नवीन एसक्यूलाइट स्टॅटिक लिंक करून टाकलं. पावत्या निघायला लागल्या, मालकांनी चहा पाजल्याचं फोनवर सांगितलं (तिकडच्यांना, मला नाही). आठवड्याभरात डेटाबेस उघडताना 'डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड'.

झालं असं की एकाच प्रोसेसमध्ये आता दोन एसक्यूलाइट होते, पायथन स्वतःसोबत सिस्टिमचं आणणार, आणि माझं मॉड्यूल पोटात दुसरं. लिनक्सवर एसक्यूलाइट फाइलला कुलूप लावतं ते पॉझिक्स या युनिक्स-लिनक्सच्या मानकाच्या पद्धतीचं, आणि त्या कुलपाचा मालक असतो अख्खा प्रोसेस, त्यातलं एखादं कनेक्शन नाही. याचे दोन परिणाम होतात. एक, एकाच प्रोसेसमधून दोनदा कुलूप मागितलं तर दोन्ही वेळा मिळतं, कुणी अडवत नाही. दोन, त्या प्रोसेसने ती फाइल कुठूनही एकदा क्लोज केली की त्या फाइलवरची त्याची सगळी कुलपं एका झटक्यात उघडतात, दुसरं कनेक्शन लिहायच्या मधोमध असलं तरी. एसक्यूलाइटला हे माहीत आहे, म्हणून ते आतमध्ये एक यादी ठेवतं की या प्रोसेसमध्ये कुठली फाइल किती जणांनी उघडलीय, आणि गरज असेल तर क्लोज करणं मागे ढकलतं. पण यादी असते प्रत्येक कॉपीची वेगळी. दोन कॉप्या म्हणजे दोन याद्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. घरात दोन जणांनी दोन वेगळ्या वह्यांत उधारी लिहावी आणि दिवाळीला हिशोब जुळवायला बसावं तसं.

माझ्याकडे पायथन दर पावतीला कनेक्शन उघडून बंद करत होता. म्हणजे दर पावतीला मॉड्यूलचं कुलूप उडत होतं, आणि तेवढ्यात रिपोर्टवाला दुसरा प्रोग्रॅम लिहायला आला की संपलं. आठवडा निघाला हेच नशीब.

शोधायचं असं:

एलडीडी (फाइलला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारी कमांड) तुमच्या प्रोग्रॅमवर आणि त्याच्या प्रत्येक प्लगिनवर, मॉड्यूलवर चालवा, यादीत लिबएसक्यूलाइट३ दिसलं की ती डायनॅमिक कॉपी. प्रोग्रॅम चालू असताना प्रॉकमधली त्याची मॅप्स फाइलही बघा, काही मॉड्यूल उशिरा लोड होतात आणि एलडीडीला दिसत नाहीत. स्टॅटिक कॉपी यातल्या कशातच दिसणार नाही, तिच्यासाठी स्ट्रिंग्ज कमांड चालवून 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' हा मजकूर शोधा. ज्या फाइलच्या पोटात तो सापडला तिच्यात बहुतेक अख्खं एसक्यूलाइट बसलेलं असतं.

> सावध: दोन कॉप्या दोन वेगळ्या डेटाबेस फाइली उघडत असतील तर कुलपाचा हा गोंधळ होत नाही. एकच फाइल दोघांनी उघडली की होतो. पण "सध्या तरी वेगळ्याच आहेत" यावर विसंबू नका, सहा महिन्यांनी तुम्हीच विसराल.

पायरी ३: आता ठरवा

कागद समोर घ्या आणि याच क्रमाने बघा.

१. प्रोसेसमध्ये दुसरं कुणी आधीच डायनॅमिक एसक्यूलाइट आणतंय आणि तीच डेटाबेस फाइल उघडतंय का? असेल तर तुम्हीही डायनॅमिक. हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वरचा.

२. तसं नाही, आणि मशिनवरचं व्हर्जन तुमच्या किमान आकड्यापेक्षा जुनं आहे, किंवा मशिनं दहा आणि व्हर्जनं सात, किंवा अपडेट कुणीच करत नाही, तर स्टॅटिक.

३. व्हर्जन पुरेसं आहे आणि डिस्ट्रोची (म्हणजे उबुंटू, डेबियन वगैरेंची) अपडेट खरोखर नियमित होतात, म्हणजे सर्व्हर कुणीतरी सांभाळतंय, तर सिस्टिमचं डायनॅमिक. दुरुस्ती आली की ॲप्टने येते, तुम्हाला नवीन बिल्ड द्यायला नको. तेवढं प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचं लक्षात ठेवा, चालू प्रोसेस जुनीच फाइल धरून बसतो.

४. पहिला मुद्दाही लागू आणि व्हर्जनही जुनं, असं झालं तर मधला रस्ता: डायनॅमिकच, पण नवीन लायब्ररीची स्वतःची कॉपी प्रोग्रॅमसोबत द्यायची. शेवटी चोपड्याला मी हेच केलं.

अँड्रॉइडवर एनडीकेमधून (म्हणजे सी-सी++ चं किट) काम करत असाल तर चर्चाच नको. अँड्रॉइड ७.० पासून सिस्टिमच्या आतल्या एसक्यूलाइटला नेटिव्ह कोडमधून सरळ लिंक करता येत नाही, स्वतःचं सोबत न्यावं लागतं. लायसन्सची काळजी एसक्यूलाइटला नाही, ते पब्लिक डोमेन आहे. दुसरी कुठली एम्बेडेड लायब्ररी असेल तर मात्र स्टॅटिक करण्याआधी लायसन्स वाचा, बर्कली डीबी सारख्यांच्या अटी वेगळ्या असतात.

पायरी ४ (क): स्टॅटिक करताना

एसक्यूलाइटच्या साइटवरून 'अमाल्गमेशन' घ्या, म्हणजे सगळा सोर्स एका अगडबंब सी फाइलमध्ये, अडीच लाखांवर ओळी. साइटवर झिपचा एसएचए३ हॅश दिलेला असतो तो ताडून बघा. मग सी फाइल आणि हेडर दोन्ही एकाच झिपमधून काढून तुमच्या रिपॉझिटरीत ठेवा. सी फाइल नवीन आणि हेडर सिस्टिमच्या इन्क्लूड फोल्डरमधलं जुनं, असं कंपाइल गुपचूप होतं आणि नंतर छळतं.

फ्लॅग. इथे दोन चुका ठरलेल्या.

एक म्हणजे फ्लॅग आपल्या मेन फाइलला देतात आणि एसक्यूलाइट३ डॉट सी तसंच कंपाइल करतात. थ्रेडसेफ, एफटीएस५, लोड एक्स्टेन्शन हे सगळे फ्लॅग एसक्यूलाइटची सी फाइल कंपाइल करताना पाहिजेत. मेकफाइलमध्ये तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

दुसरी चूक मी केली ती. एसक्यूलाइटच्या साइटवर शिफारस केलेल्या फ्लॅगची यादी आहे, ती अख्खी उचलून चिकटवली. त्यात एक आहे डिफॉल्ट_वाल_सिंक्रोनस बरोबर १. वाल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) याचा अर्थ असा की लाइट गेली तरी डेटाबेस खराब होणार नाही, पण शेवटच्या एकदोन नोंदी जाऊ शकतात. कुठेतरी ऑफिसात चालून जाईल हो, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसात चारदा लाइट जाते आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असते. पावती छापून शेतकऱ्याच्या हातात गेली, लाइट गेली, परत आली, आणि पुढच्या ट्रॅक्टरला तोच पावती नंबर. हे लिंकिंगमुळे होत नाही, पण स्टॅटिक केलं की डिफॉल्ट ठरवणारे तुम्ही होता, आधी ते डिस्ट्रोवाले ठरवत होते, एवढं ध्यानात घ्या. म्हणून पायरी १ मधली कंपाइल ऑप्शनची यादी काढा, तुमच्या यादीशेजारी ठेवा, आणि जो फरक दिसेल तो तुम्ही मुद्दाम केलेला आहे का ते प्रत्येक ओळीला विचारा. पावतीसारखं काही असेल तर सिंक्रोनस फुलच ठेवा.

थ्रेडसेफ शून्य करू नका. वेग वाढतो थोडा, पण पुढे कुणी एक थ्रेड वाढवला की गेलं. 'ओमिट'ने सुरू होणारे बरेचसे फ्लॅग अमाल्गमेशनवर नीट चालतच नाहीत, त्यांना मूळ सोर्सपासून बिल्ड लागतं. लोड एक्स्टेन्शन ओमिट करणारा मात्र चालतो, आणि एक्स्टेन्शन लागत नसतील तर तो लावाच, डीएल लायब्ररीचीही गरज राहत नाही.

लिंक करताना क्रम: आधी तुमच्या ऑब्जेक्ट फाइली, मग एसक्यूलाइटची, मग पीथ्रेड, डीएल, एम. उलटा क्रम दिला की 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या शंभर ओळी येतात आणि माणूस लायब्ररीच पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. नवीन सिस्टिमवर, म्हणजे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ पासून, पीथ्रेड आणि डीएल मुख्य लायब्ररीतच गेलेत, पण क्रमाची सवय ठेवा.

> सावध: एसक्यूलाइट स्टॅटिक करणं वेगळं आणि जीसीसीला नुसतं '-स्टॅटिक' देणं वेगळं. दुसऱ्यात जीलिबसीसकट सगळं स्टॅटिक होतं, आणि नाव-पत्ता शोधणारी काही फंक्शन मग रडतात. आणि नुसतं एसक्यूलाइट स्टॅटिक केल्याने नवीन उबुंटूवर बनवलेली बायनरी जुन्यावर चालेल असंही नाही, ती जीलिबसीवरून अडेल. सगळ्यात जुनं मशिन असेल त्यावर बिल्ड करा.

तुम्ही एक्झिक्युटेबल न बनवता एसओ (लिनक्सवरची डायनॅमिक लायब्ररीची फाइल) किंवा प्लगिन बनवत असाल तर एसक्यूलाइटची नावं बाहेर दिसू देऊ नका, व्हिजिबिलिटी हिडन लावून कंपाइल करा. नाहीतर लोडर तुमच्या मॉड्यूलमधले कॉल दुसऱ्याच कॉपीला जोडून मोकळा होतो आणि तुम्ही बसता डोकं खाजवत.

> तपासा: तयार एसओवर एनएम कमांड डायनॅमिक यादीच्या ऑप्शनने चालवा. एसक्यूलाइट३ ने सुरू होणारं नाव एकही दिसायला नको.

पायरी ४ (ख): डायनॅमिक करताना

डेव्ह पॅकेज टाका, पीकेजी-कॉन्फिगने फ्लॅग घ्या, झालं. कष्ट इथे नाहीत, कष्ट आहेत प्रोग्रॅम सुरू होताना. हेडरमध्ये व्हर्जन नंबर असतो तो कंपाइलच्या वेळचा, आणि एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन_नंबर हे फंक्शन सांगतं तो आत्ता लोड झालेल्या लायब्ररीचा. दोन्ही वेगळे असू शकतात, त्यात वावगं काही नाही. तुमच्या किमान आकड्याशी दुसऱ्याची तुलना करा, कमी असेल तर मराठीत स्पष्ट मेसेज देऊन प्रोग्रॅम तिथेच थांबवा. ३.३५.० चा नंबर होतो ३०३५०००. हा चार ओळींचा चेक माझ्याकडे असता तर साडेसातचा फोन रात्री साडेनऊला माझा मलाच आला असता.

डेटाबेस फाइल इकडून तिकडे जाते तेव्हाही व्हर्जन बघा. नवीन लायब्ररीने स्ट्रिक्ट टेबल बनवलेली फाइल जुन्या लायब्ररीने उघडली की 'मालफॉर्म्ड डेटाबेस स्कीमा' म्हणते. फाइल चांगली असते, वाचणारा जुना असतो. घाबरून रिकव्हरी करायला घेऊ नका.

विंडोजवर, दाणा बाजारातल्या बिलिंगच्या पीसीवर वगैरे, डीएलएल नेहमी एक्झीच्याच फोल्डरमध्ये. सिस्टिम३२ मध्ये टाकू नका, उद्या दुसऱ्या कुणाचं इन्स्टॉलर तिच्यावर आपली टाकून जाईल. ३२ बिट एक्झीला ६४ बिट डीएलएल दिली तर 'अनेबल टू स्टार्ट करेक्टली' येतं, त्यात एसक्यूलाइटचं नावसुद्धा नसतं. आणि एसक्यूलाइटने दिलेली मेमरी, म्हणजे एररचा मेसेज वगैरे, एसक्यूलाइट३_फ्री नेच सोडा, साध्या फ्री ने नको.

पायरी ४ (ग): स्वतःची कॉपी सोबत देताना

नवीन एसओ प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवा, नाव अगदी 'लिबएसक्यूलाइट३ डॉट एसओ डॉट ०' असंच, कारण पायथन याच नावाने शोधतो. मग लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवा. पायथन आणि सीचं मॉड्यूल दोघंही मग तीच एक कॉपी घेतात.

ठरलेली चूक: टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून टेस्ट करतात, चालतं, घरी जातात. दुसऱ्या दिवशी मशिन सुरू झालं की प्रोग्रॅम सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारं) चालवतं आणि त्याला तुमच्या टर्मिनलमधलं काहीच माहीत नसतं. सर्व्हिस फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटची ओळ टाका, आणि टेस्ट मशिन बंद-चालू करूनच.

पायरी ५: चालू झाल्यावर

प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच एक ओळ पाडा: लोड झालेलं व्हर्जन, सोर्स आयडी, आणि जर्नल मोड व सिंक्रोनसची आत्ताची किंमत. फोनवर समोरच्याला ती ओळ वाचायला लावली की निम्मं निदान होतं.

एसक्यूलसायफर, म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करणारं एसक्यूलाइट, वापरत असाल तर एक जास्तीची तपासणी. त्याच्या फंक्शनांची नावं साध्या एसक्यूलाइटचीच आहेत. चुकून साधी लायब्ररी जोडली गेली तर 'प्राग्मा की' ला ती काही बोलत नाही, अनोळखी प्राग्मा एसक्यूलाइट मुकाट गिळतं, आणि सगळा डेटा उघडा लिहिला जातो. 'प्राग्मा सायफर_व्हर्जन' मारा, उत्तर रिकामं आलं तर तिथेच थांबा.

पायरी ६: अपडेटची वही

स्टॅटिक किंवा (ग) निवडलं असेल तर कुठल्या मशिनवर कुठलं व्हर्जन, कधी टाकलं, याची यादी ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये मॅगेलन नावाची सिक्युरिटीची गडबड निघाली तेव्हा ३.२६.० घ्यावं लागलं, २०२२ मध्ये एका मोठ्या स्ट्रिंगवाल्या बगसाठी ३.३९.२. डायनॅमिकवाल्यांचं काम डिस्ट्रोने केलं, स्टॅटिकवाल्यांना प्रत्येक बायनरी नव्याने बनवून पोचवावी लागली.

माझी यादी साध्या शंभर पानी वहीत आहे. रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, एकेक पान. सीझन सुरू व्हायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला, एकदा फिरून सगळ्या मशिनवर नवीन बिल्ड टाकतो आणि तिथेच बसून दहा खोट्या पावत्या काढतो, पाचव्या पावतीला मेन स्विच बंद करून.